प्रश्न ठरवतानाच आमच्या आई-वडिलांना विचारा

संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

मुलांकडे ऑस्ट्रेलियात कायमचे राहायला गेलेल्या मराठी आई-वडिलांचे एकटेपण, तिथली थंडी, नातवंडांची तुटक मराठी यांविषयी आपल्याकडे बरेच लिहून येते. मात्र हीच माणसे पंचाहत्तरीच्या पुढे गेली, विसरू लागली, परावलंबी झाली, की त्या देशाची वृद्धसेवा त्यांच्या कितपत उपयोगी पडते, याविषयी क्वचितच वाचायला मिळते. गेली काही वर्षे मेलबर्नमध्ये आईला सांभाळताना मी हे जवळून पाहते आहे, म्हणून हे पत्र.

आईची स्मृतिचाचणी एका रुग्णालयात प्रथम झाली, तेव्हा जुलै महिना होता. आई 'इंडियन' म्हणून फोनवर हिंदी दुभाषी जोडून दिला होता. आईला हिंदी समजते, पण बोलताना ती पहिल्या वाक्यानंतर मराठीवर येते आणि साताऱ्याकडच्या तिच्या बोलीपुढे तो बिचारा दुभाषी अडखळत होता. सध्या कोणता ऋतू आहे, या प्रश्नावर आईने क्षणभर बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "आषाढ चाललाय, म्हणजे पावसाळा." मेलबर्नमध्ये तेव्हा हिवाळा असतो, त्यामुळे उत्तर चूक धरले गेले. पंचांग मनात धरून, महिना मोजून दिलेले ते उत्तर किती शाबूत बुद्धीचे होते, हे कागदावर कुठेच उमटले नाही. आईला स्मृतिभ्रंश होताच; तो नाकारण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण त्या दिवशी तिला काय येत नाही याची नोंद झाली, काय येते याची झाली नाही, आणि पुढची सगळी सेवा त्याच कागदावरून ठरणार होती.

हा दोष एका डॉक्टरांचा किंवा एका दुभाष्याचा मानून चालणार नाही. जगभर सर्वाधिक वापरली जाणारी ही 'मिनी-मेंटल' नावाची चाचणी १९७५ साली अमेरिकेत इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांसाठी तयार झाली. तिच्यात 'नो इफ्स, अँड्स ऑर बट्स' हे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवायला सांगतात. त्याचे मराठी कसे करायचे आणि केले तरी मोजायचे काय? ही अडचण ओळखून सिडनीतील वैद्यकांनी 'रूडास' नावाची दुसरी चाचणी तयार केली आणि २००४ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात सहा प्रश्न आहेत, एकूण गुण तीस. शरीराच्या डाव्या-उजव्या भागांची ओळख, हातांच्या ठरावीक हालचाली, एक आकृती काढणे, सिग्नल नसलेला गजबजलेला रस्ता सुखरूप कसा ओलांडाल हे सांगणे, अशा गोष्टी तिच्यात आहेत. वेगवेगळ्या समाजांतील लोकांचा सल्ला प्रश्न ठरवतानाच घेतला गेला होता, हे मला तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. तरीही लक्षात ठेवायच्या बाजाराच्या यादीत चहा, तेल आणि साबणाबरोबर अंडी आहेत. पुढे आईची ही चाचणी झाली, तेव्हा आयुष्यभर घरात अंडे न आणलेल्या तिला 'अंडी आणायची' हे वाक्य पुन्हा विचारून खात्री करून घ्यावे लागले. या वेळी मराठी दुभाषी समोर बसलेला होता, म्हणून तिचा गोंधळ कशाचा आहे हे परीक्षकांना लगेच कळले.

माझे म्हणणे एवढेच आहे की संशोधन संस्था, वृद्धसेवा देणाऱ्या संस्था आणि स्थलांतरित समाज यांची भागीदारी प्रश्न ठरवण्याच्या टप्प्यापासून असली पाहिजे. बहुतेक वेळा आमच्याकडे येते ते तयार माहितीपत्रकाचे भाषांतर. 'डिमेन्शिया'ला 'स्मृतिभ्रंश' हा शब्द कोणीतरी कोशातून काढून देतो आणि काम संपते. आपल्या घरांत मात्र या आजाराला म्हातारचळ म्हणतात, किंवा 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय सोडून देतात. आजार हा वयाचाच भाग आहे, अशी समजूत त्या सहा अक्षरी म्हणीत बसलेली आहे. आपली माणसे डॉक्टरांकडे उशिरा का जातात याचे उत्तर ज्याला हवे, त्याला ती म्हण आधी ऐकावी लागेल. तसेच 'केअरर', म्हणजे सांभाळणारी व्यक्ती, या शब्दाचे. फॉर्मवर 'तुम्ही केअरर आहात का' असे विचारले तर सासूला रोज न्हाऊ-माखू घालणारी सून निःशंकपणे 'नाही' लिहिते, कारण तिच्या लेखी ती सून आहे. त्या एका 'नाही'मुळे तिला मिळू शकणारी विश्रांतीची सोय आणि मदत तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि संशोधकांच्या आकड्यांतही ती दिसत नाही.

चांगले काम होत नाही असे नाही. मेलबर्नच्या 'नॅशनल एजिंग रिसर्च इन्स्टिट्यूट'ने स्मृतिचाचणीच्या वेळी काम करणाऱ्या दुभाष्यांसाठी खास प्रशिक्षण तयार करून त्याचा अभ्यास केला. याच संस्थेने स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबांबरोबर बसून हिंदी, तमिळ, अरबी, मँडरिन आणि कँटनीज भाषांत लघुपट केले. मराठी त्यांत नाही, आणि त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. आमची संख्या लहान आहे आणि आम्ही मागणीही केलेली नाही. ग्रीक आणि इटालियन लोक दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या संख्येने आले आणि त्यांनी स्वतःच्या भाषेची वृद्धनिवासे उभी केली. मराठी माणसांना सध्या तरी ते जमण्यासारखे नाही. आमचे म्हातारपण सर्वांसाठीच्या सेवेतच जाणार आहे, म्हणून त्या सेवेचे संशोधन आमच्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे.

काळही अनुकूल आहे. ऑस्ट्रेलियातील वृद्धसेवेच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, २०१९च्या अंतरिम अहवालाला 'उपेक्षा' या अर्थाचे एकशब्दी नाव दिले आणि २०२१च्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी केल्या. त्यातून आलेला नवा वृद्धसेवा कायदा १ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाला. आपल्या पसंतीच्या भाषेत बोलण्याचा आणि गरज पडल्यास दुभाषी मिळण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. फोनवरून दुभाषी देणारी सरकारी सेवा तर १९७३ पासून चालू आहे. २०२१च्या जनगणनेत भारतात जन्मलेले ६ लाख ७३ हजारांहून अधिक लोक मोजले गेले. परदेशात जन्मलेल्यांत तेव्हा इंग्लंडनंतर तेच सर्वाधिक होते. पण 'भारतात जन्मलेले' या एका रकान्यात साताऱ्याची माझी आई आणि मदुराईची तिची शेजारीण एकत्र मोजल्या जातात, आणि हक्क प्रत्यक्षात उतरवताना दोघींना हिंदी दुभाषी मिळतो. मराठी दुभाषी हवा असे नातेवाइकांनी वेळ ठरवतानाच स्पष्ट सांगावे लागते. ते मला पहिल्या वेळी माहीत नव्हते.

संशोधकांकडून माझ्या अपेक्षा मोजक्या आहेत. इंग्रजी येत नाही या कारणावरून वृद्धांना अभ्यासातून वगळू नये. दुभाष्याचा आणि समाजातून आलेल्या सल्लागारांचा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावा; त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे. आणि निष्कर्ष हाती आल्यावर ज्यांनी दिवाणखान्यात बसवून चहा दिला, त्यांच्याकडे ते मराठीत घेऊन परत यावे.

आमच्या मंडळांकडूनही अपेक्षा आहे, आणि ती मी अधिक आग्रहाने मांडते. गणेशोत्सवाला आणि दिवाळी अंकाला आम्ही जितकी माणसे जमवतो, त्यांतली दहा-पंधरा माणसे वर्षातून तीन-चार दुपारी एखाद्या विद्यापीठाच्या अभ्यासगटात बसली, तरी पुष्कळ बदलेल. त्यांत सत्तरी ओलांडलेली माणसे स्वतः हवीत; त्यांच्या वतीने बोलणारी मुले पुरेशी नाहीत, आणि मी स्वतःलाही त्यात धरते. ऋतू कोणता, हे विचारायच्या आधी तुमच्याकडे ऋतू किती, हे त्यांनाच विचारले गेले पाहिजे.

आपली,
एक वाचक, मेलबर्न