तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र: कोड लिहिणारे यंत्र आले, तपासणारी माणसे कुठे घडणार?

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: संगणक अभियांत्रिकीची प्रात्यक्षिक परीक्षा आणि पदवीनंतरचे पहिले वर्ष

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी २००६ पासून पुण्यात सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणून काम करते. आमच्या ऑफिसात नुकतीच एक गोष्ट घडली. ती तुमच्या कानावर घालावी म्हणून हे पत्र.

आम्ही पीककर्जाच्या अर्जांचे सॉफ्टवेअर बनवतो. अर्जात सातबाऱ्यावरचे क्षेत्र भरावे लागते. ते वाचायचे, हेक्टर आणि आर (शंभर आरांचा एक हेक्टर) सुटे करून तपासायचे, पुन्हा जोडून पुढे पाठवायचे, एवढाच भाग हवा होता. तो एआयकडून लिहून घेतला. दोन मिनिटांत झाला. त्याच्या टेस्ट केसेस, म्हणजे कोड तपासायची नमुना उदाहरणे, हीही एआयनेच लिहिली आणि सगळी पास झाली. मी स्वतः कोड वाचला. मला काहीच खटकले नाही.

खटकले ते सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडे लागलेल्या एका मुलीला. ती बार्शी तालुक्यातली, घरी शेती. म्हणाली, "मॅडम, आमच्या सातबाऱ्यावर १.०५ आहे. एक हेक्टर पाच आर. हा कोड त्याचे दीड हेक्टर करेल." तिने आकडा टाकून दाखवला आणि खरोखरच १.५ आले. कोडने ठिपक्यापाशी दोन तुकडे केले, '०५' चा आकडा करताना नुसते ५ उरले, आणि जोडताना ते ५० आर होऊन बसले. ४५ आर, म्हणजे एकराहून जास्त, नसलेली जमीन कागदावर उगवली. टेस्ट केसेसमध्ये १.२५, २.४० असेच आकडे होते, म्हणून चूक दबून राहिली. हे असेच पुढे गेले असते, तर एखाद्या शेतकऱ्याचा अर्ज बँकेत अडकला असता, आणि खोटे क्षेत्र दाखवल्याचा ठपका त्याच्या माथी आला असता.

महोदय, डेव्हलपरचे काम आता हे झाले आहे. यंत्राने लिहिलेला कोड वाचायचा, तो कुठे फसेल हे ताडायचे आणि "हे बरोबर आहे" अशी जबाबदारी घ्यायची. जून २०२२ मध्ये गिटहब कोपायलट हे कोड लिहून देणारे एआय साधन सर्वांसाठी खुले झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आले. तेव्हापासून टायपिंगचा भाग झपाट्याने यंत्राकडे चालला आहे. त्याचे मला दुःख नाही. मला काळजी आहे ती वेगळीच.

मी हे काम कशी शिकले? सांगली जिल्ह्यातून आले तेव्हा इंग्रजी बोलताना घाम फुटायचा. पहिले वर्षभर मला कोणी मोठे काम दिले नाही. दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधायचे, रिपोर्टमधला रकाना सरकवायचा, टेस्ट केसेस लिहायच्या. कंटाळवाणी कामे. पण त्या वर्षात मी हजारो ओळी वाचल्या, शेकडो चुका केल्या, आणि सीनियर लोकांनी शेजारी बसून त्या दाखवल्या. आज माझी जी काही नजर आहे, ती तिथे घडली. नेमकी तीच कामे आता एआय करते. आमच्याकडे पूर्वी एका वेळी दहा-बारा फ्रेशर घेत. यंदा दोन घेतले. शिडीची खालची पायरीच काढून घेतली तर दहा वर्षांनी वर कोण असेल?

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा हिंजवडीतल्या प्रत्येक कॅन्टीनमध्ये तोच विषय होता. कंपनीचे म्हणणे होते की कारण एआय नाही, कौशल्यांचा मेळ बसत नाही हे आहे. हे खरे मानले तरी प्रश्न तुमच्याच खात्याच्या दारात येतो, कारण कौशल्याची सुरुवात कॉलेजात होते.

एआय आले म्हणजे माणूस आपोआप वेगवान होतो, हेही तितकेसे खरे नाही. अमेरिकेतल्या मेटर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी डेव्हलपरांकडून २४६ कामे करून घेतली. एआय वापरायची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्याच लोकांना मात्र आपण २० टक्के जास्त वेगाने काम केले असे वाटत होते. साधने तेव्हापासून सुधारली आहेत. पण मुरलेल्या माणसांचा जिथे असा अंदाज चुकतो, तिथे तिसऱ्या वर्षातल्या पोराचे काय होत असेल?

आणि आपण त्याला काय शिकवतो? जर्नल. वीस प्रोग्राम हाताने उतरवायचे, सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राचे जर्नल समोर ठेवून. प्रात्यक्षिकाला चिठ्ठी उचलायची, पाठ केलेला प्रोग्राम टाईप करायचा, आउटपुट आले की सही. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट विकत मिळतो, अहवालासकट. मी शिकत होते तेव्हाही हे होते. तेव्हा निभावले, कारण कंपनी पहिल्या वर्षात सगळे नव्याने शिकवायची. आता ते वर्षच उरलेले नाही.

वसंतदादांनी १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. माझ्यासारख्या खेड्यातल्या मुली इंजिनिअर झाल्या त्या त्यामुळे. तुमच्या शासनाने २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. त्याबद्दल मनापासून आभार. त्याच वर्षापासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, प्रवेशक्षमतेची मर्यादाही उठवली. त्यामुळे कॉम्प्युटर आणि तिच्या भाऊबंद शाखांच्या जागा वाढवायला कॉलेजांना रान मोकळे झाले. त्या वर्षी आत आलेल्या मुली २०२८ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडतील. फी माफ केली, आता त्यांच्या हाताला काय शिकवून पाठवणार, हे ठरवायला फार दिवस राहिलेले नाहीत.

अभ्यासक्रम विद्यापीठांची अभ्यास मंडळे ठरवतात आणि पदविकेचा एमएसबीटीई, म्हणजे राज्याचे तंत्रशिक्षण मंडळ, याची मला कल्पना आहे. पण लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ राज्याचेच आहे. एका सत्रापुरता प्रयोग तिथे करून पाहा. प्रात्यक्षिकाला कोरा स्क्रीन देऊ नका. दोनशे ओळींचा चालणारा कोड द्या, ज्यात दोन-तीन चुका लपलेल्या आहेत. एआय वापरायला खुशाल परवानगी द्या. मग तोंडी परीक्षेत विचारा: चूक कुठे होती, तुला कशी सापडली, दुरुस्तीने आणखी काही बिघडले नाही हे कशावरून म्हणतोस? पाठांतरावर हा पेपर सुटणार नाही. अर्थात तो तपासायला परीक्षकही तयारीचा हवा. तासिका तत्त्वावर, सुट्टीचे पैसे न मिळता राबणाऱ्या प्राध्यापकांकडून ही अपेक्षा करताना त्यांच्या जागा आधी कायम भराव्या लागतील. यावाचून बाकीचे सगळे कागदावरच राहील.

दुसरी मागणी त्या हरवलेल्या पहिल्या वर्षाची. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे, पदवीधरांसाठी केंद्राची योजनाही आहे. राज्याकडे ऑनलाइन सातबारा आहे, ई-पीक पाहणी आहे, आपले सरकार पोर्टल आहे. या प्रणालींबद्दल लोकांच्या तक्रारी असतातच. प्रत्येक जिल्ह्यात काही ताज्या पदवीधरांना वर्षभरासाठी त्या तक्रारींवर बसवा. तलाठ्याशी बोलायचे, शेतकऱ्याच्या मोबाइलवर नेमके काय अडते ते पाहायचे, चूक शोधून दुरुस्ती सुचवायची, आणि ती एका अनुभवी माणसाने शेजारी बसून तपासायची. आमच्या बार्शीच्या मुलीने जे पकडले ते तिला कोडिंगच्या क्लासने शिकवले नव्हते. घरचा सातबारा तिने लहानपणापासून पाहिला होता. अशी मुले पुण्या-मुंबईपेक्षा तालुक्याच्या गावांत जास्त आहेत, आणि नोकरीच्या रांगेत तीच सर्वांत मागे उभी असतात.

येत्या प्रात्यक्षिक परीक्षेत एखाद्या कॉलेजात पूर्वसूचना न देता जाऊन बसा, एवढी विनंती आहे. नव्या पद्धतीची परीक्षा घ्यायचे ठरले तर शनिवारी परीक्षक म्हणून यायला मी तयार आहे, मानधन नको. माझ्या ओळखीचे आणखी चार-पाच जणही येतील. आणि पहिला प्रश्न तयार आहे. सातबाऱ्याच्या त्या कोडमधला कंपनीचा भाग वगळून मी तेवढाच तुकडा नव्याने लिहून ठेवला आहे, चुकीसकट.

आपली नम्र,
एक सॉफ्टवेअर डेव्हलपर, पुणे