कानाचं मशीन मिळालं, पुढे बालवाडीत काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉक्लिअर इम्प्लांट (बहिऱ्या कानात ऑपरेशननं बसवायचं ऐकण्याचं यंत्र) झालेल्या मुलांच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. ऑपरेशन झालं, मशीन सुरू केलं, आईची हाक बाळानं पहिल्यांदा ऐकली आणि सोबत फोटो. वाचून बरंच वाटतं. त्यानंतर हे मूल कुठल्या तरी बालवाडीत येऊन बसतं, तिथलं मात्र कुणी लिहीत नाही. मी भांडुपच्या एका वस्तीत बालवाडी चालवते. म्हणून त्या पुढच्या भागाबद्दल चार ओळी.

आधी कायद्याकडे पाहू. शिक्षण हक्क कायदा (२००९) सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. दिव्यांग हक्क कायद्याचं (२०१६) कलम ३१ मोफत शिक्षणाचा हक्क देतं तो सहा ते अठरा या वयाला. आणि दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेत जन्मजात बहिऱ्या मुलाला इम्प्लांट मिळतं ते पाच वर्षांच्या आत, कारण ऐकून भाषा शिकण्याचं वय तेच. म्हणजे सरकार पाचाच्या आत लाखोंचं यंत्र बसवून देतं आणि शाळेचा हक्क सहाव्या वर्षी सुरू करतं. मधल्या वर्षांत बालवाडीत त्या यंत्रातून मुलाच्या कानी काय पडतं, हे पाहायची जबाबदारी नक्की कुणाची, ते ठरलेलं नाही. ती येऊन पडते आमच्यासारख्या बायांवर. आम्हाला ना कुणी शिकवलेलं, ना कुणी विचारलेलं.

मशीनपर्यंत पोचण्यातच आधी बराच वेळ जातो. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असं जगभर मानलेलं वेळापत्रक आहे. मोठ्या प्रसूतिगृहांत बाळाला ऐकू येतं का ते पाहणारी ओएई तपासणी होते, पण बाळंतपण गावी झालेलं असलं तर? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, नेमकं त्या दिवशी मूल आजोळी असतं. शिवाय जन्मतः नीट ऐकणारं मूल पुढे मेंदूज्वरात ऐकणं गमावू शकतं, त्यामुळे एकदा ‘पास’ झालं की कायमचं सुटलं असंही नाही. घरात आजी सांगते, ‘बोलेल हो, त्याचा बापही चौथ्या वर्षीच बोलला होता.’ मग जीभ जड आहे म्हणून वेखंड उगाळून चाटवतात, कुणी नवस बोलतं. वेखंडानं आणखी काही होवो न होवो, वर्ष मात्र हमखास वाया जातं. मूल उशिरा बोलत असेल तर आधी कान तपासा, बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, याची तपासणी) करून घ्या, हे मी प्रत्येक पालक सभेत सांगते आणि दर वर्षी एखादी आई तरी माझ्यावर रागावते.

काही मुलं कुठल्याच यादीत बसत नाहीत. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे दोन्ही कानांनी किमान ६० डेसिबल कमी ऐकू आलं, तरच ते मूल ‘ऐकू कमी येणारं’. ४५ डेसिबलवालं मूल त्यात नाही, एकाच कानानं बहिरं असलेलंही नाही. पण खोलीच्या टोकावरून मी सांगितलेली गोष्ट त्या ४५ वाल्याला तुकड्यातुकड्यांत ऐकू येते. तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, चुकीच्या वेळी हसतो, आणि बाकीच्यांच्या लेखी आगाऊ ठरतो. सर्दीनं कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेली मुलं तर प्रत्येक वर्गात सापडतील. तोंड उघडं टाकून श्वास घेणारं, दर वाक्याला ‘काय?’ म्हणणारं, टीव्हीला नाक लावून बसणारं मूल दिसलं की कानाच्या डॉक्टरांकडे न्यावं. हे बरंही होतं, पण कुणाच्या लक्षात आलं तर.

आता प्रत्यक्ष वर्गाचं सांगते. आमच्या बालवाडीवर पत्रे आहेत. जुलैत पाऊस सुरू झाला की माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. इम्प्लांट असो की कानात घालायचं श्रवणयंत्र, मशीन सगळेच आवाज पोचवतं. पंखा, रस्त्यावरचा हॉर्न आणि माझी गोष्ट, त्याला तिन्ही सारखेच. त्यात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. म्हणून मशीन खऱ्या अर्थानं कामाचं असतं ते बोलणारी हाताच्या अंतरावर असते तेव्हा. बाईंच्या गळ्यात अडकवायचा छोटा माइक मिळतो. त्यातून आवाज थेट मुलाच्या मशीनमध्ये जातो आणि हा प्रश्न बराचसा सुटतो. पण तो सगळ्या मशीनना चालत नाही, आणि आमच्यासारख्या बालवाडीच्या ऐपतीत तर बसतच नाही.

बिनखर्चाचंही बरंच करता येतं. मुलाला खिडकी आणि पंख्यापासून दूर, सगळ्यांचे चेहरे दिसतील असं गोलात बसवायचं. आपण दाराकडे पाठ करून उभं राहायचं नाही, कारण मग आपला चेहरा काळोखात जातो. आधी नाव घ्यायचं, नजरेला नजर मिळाली की बोलायचं. ओरडायचं नाही, ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात. डबा खाण्याच्या वेळी मी सतरंजीवर जुनी चादर दुमडून घालते. स्टीलची झाकणं फरशीवर खणखणली की मशीन लावलेलं मूल कानावर हात ठेवतं, कधी मशीनच उपटून फेकतं. हे पाहिल्याखेरीज कळत नाही आणि कुठल्या पुस्तिकेतही सहसा सापडत नाही.

रोज सकाळी प्रार्थनेआधी आमचा एक खेळ असतो. तोंडासमोर कागद धरून मी आ, ई, ऊ, म, श, स असे आवाज काढते. ऐकू आला की मूल डब्यात ठोकळा टाकतं. बोलण्यातले जाडेभरडे आवाज आणि बारीक आवाज या सहांत येऊन जातात. एरवी पटापट ठोकळे टाकणारं मूल एखाद्या दिवशी थांबलं की समजावं, सेल उतरलाय, नाहीतर मोल्डमध्ये, म्हणजे श्रवणयंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्यात, मळ किंवा घाम अडकलाय. मुंबईच्या दमट हवेत हे नेहमीचंच. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवलं तर वाचतं. एका आईनं मशीन कपाटात ठेवून दिलं होतं, का तर शिट्टी वाजते. शिट्टी वाजत होती कारण मुलाचा कान वाढला आणि मोल्ड सैल झाला. नवा मोल्ड घातला, शिट्टी बंद. एवढं सांगायला त्या बाईला कुणी भेटलं नव्हतं. आणि हो, उतरलेला सेल केराच्या टोपलीत टाकू नका. बटणाएवढा असतो, मुलं तो गिळतात, आणि ते जिवावर बेतू शकतं.

खुणांच्या भाषेवरून आमच्याकडे वाद होतात. खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, असं पालक म्हणतात. थेरपिस्टांमध्येही यावर एकमत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. चार वर्षांच्या मुलाला ‘शू लागली’ सांगता आलं पाहिजे, मग तोंडानं सांगो की हातानं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश व्हिडिओच्या रूपात मोबाइलवर फुकट पाहता येतो. वर्गातली ऐकणारी पोरं त्यातल्या खुणा माझ्याआधी शिकली.

खासगी नर्सऱ्यांबद्दल काय बोलावं? एका नर्सरीनं ‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही’ म्हणून परत पाठवलेलं मूल आज आमच्याकडे आहे. अंगणवाड्यांसाठी निदान नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रानं दिव्यांग बालकांविषयीची कार्यपद्धती काढली. मूल ओळखणं, वर्गात सामावून घेणं, घरच्यांना सोबत घेणं, पुढे पाठवणं, सगळं तिच्यात आहे. पण पोषण आहार, वजन-उंची आणि मोबाइलवरच्या नोंदी सांभाळणाऱ्या सेविकेला ते एकदा वाचून दाखवलं म्हणजे झालं का?

मुंबईत माणसांची वानवा नाही. देशातली कर्णबधिरांची पहिली शाळा एकोणिसाव्या शतकात याच शहरात, माझगावला निघाली. वांद्रे रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय अली यावर जंग संस्था १९८३पासून आहे. तिथे ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारे तज्ज्ञ) तयार होतात, विशेष शिक्षक तयार होतात. महापालिकेनं आणि एकात्मिक बालविकास विभागानं वॉर्डागणिक एक फिरती शिक्षिका नेमावी. तिनं महिन्यातून एकदा प्रत्येक बालवाडीत यावं, मशीन तपासावं, बाईंना दोन गोष्टी दाखवाव्यात. अशा संस्थांतल्या विद्यार्थ्यांच्या सरावाचे काही दिवस वस्तीतल्या बालवाड्यांत गेले तर त्यांचंही शिक्षण होईल. मोल्ड बदलायला वांद्र्याला किंवा परळला जायचं म्हणजे इथल्या आईचा पूर्ण दिवसाचा रोज बुडतो. तो मोल्ड वॉर्डातल्या दवाखान्यातच मिळायला हवा. आणि प्रवेश देताना कानाचं मशीन पाहून नाही म्हणणाऱ्या नर्सरीनं ते कारण लेखी द्यावं, असा नियम येत्या जूनच्या आधी महापालिकेनं काढावा.

आपली,
एक बालवाडी शिक्षिका, भांडुप (पश्चिम)