मोटर बदलण्याआधी दरवाजा तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गॅरेजचा स्वयंचलित दरवाजा अडला आणि मोटर नुसतीच घुमू लागली, की बहुधा दोन सल्ले मिळतात: मोटर बदला, नाहीतर फोर्सचा स्क्रू फिरवून जोर वाढवा. पहिल्यात अनेकदा पैसे वाया जातात, दुसरा तर धोक्याचा आहे. म्हणून हे पत्र.

दरवाजाचे वजन मोटर नव्हे, स्प्रिंग पेलते. त्यामुळे तपासणी दरवाजापासून सुरू करावी. दरवाजा पूर्ण खाली असताना प्लग काढा, कडी लागलेली नाही ना बघा आणि मोटरच्या रुळाखाली लोंबणारी लाल दोरी ओढून दरवाजा मोटरपासून सुटा करा. दरवाजा वरच अडकला असेल तर दोरीला हात लावू नका. स्प्रिंग तुटलेली असली तर तो धाडकन खाली येतो. सुटा दरवाजा हाताने कमरेपर्यंत उचला आणि आधार हळूहळू कमी करा. तो जागीच थांबायला हवा. खाली बसत असेल किंवा उचलतानाच जड जात असेल, तर दोष बहुतेक स्प्रिंगचा. दरवाजावरच्या आडव्या दांड्यावर बसवलेल्या टॉर्शन (पीळ घेणाऱ्या) स्प्रिंगच्या वेढ्यांत मध्येच फट दिसली, तर ती तुटलीच समजा. तिच्यात प्रचंड ताण असतो, हे काम जाणकार कारागिराचेच. मध्येच कुठे अडखळत असेल तर रोलर आणि वाकलेला रूळ बघा.

दरवाजा हलका चालतो? मग मोटर. सतत चालवून तापलेली एसी (प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारी) मोटर आतला थर्मल कटआउट, म्हणजे उष्णतेने वीज तोडणारा स्विच, बंद करतो. तिला अर्धा तास थंड होऊ द्या आणि दरवाजा न जोडता, प्लग लावून बटण दाबून बघा. घुमते पण फिरत नाही, तर पहिला संशय मोटर सुरू करायला मदत करणाऱ्या कपॅसिटरवर, म्हणजे वायरमन ज्याला कंडेन्सर म्हणतात त्यावर. तो अनेकदा फुगलेला किंवा तेल गळालेला दिसतो. प्लग काढला तरी त्यात चार्ज उरतो. तो १० ते २० किलोओहमच्या, ५ वॅटच्या रेझिस्टरने (रोधकाने) उतरवा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत आणि व्होल्ट जुन्यापेक्षा कमी नकोत. डीसी (एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या) मोटरला असा कपॅसिटर नसतो, तिथे फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले आहेत का ते पाहावे. मोटर फिरते पण साखळी हलत नाही, झाकणाखाली पांढरा भुगा पडलाय, तर नायलॉनचा गिअर खाल्ला गेला आहे. तेवढाच बदलून काम भागते, मात्र दरवाजा जड राहिला तर नवा गिअरही असाच जाईल.

आता फोर्सच्या स्क्रूविषयी. जोर वाढवला की दरवाजाखाली मूल किंवा प्राणी आला तरी मोटर रेटत राहू शकते. दुरुस्तीनंतर दरवाजाच्या वाटेत जमिनीवर ३८ मिलिमीटर जाडीची फळी आडवी ठेवा आणि दरवाजा बंद करा. फळीला टेकताच तो उलटून वर गेला पाहिजे. गेला नाही, तर जोर कमी करून पुन्हा बघा आणि तोवर तो मोटरवर चालवू नका.

आपला,
एक दुरुस्ती तंत्रज्ञ