विमानाचे होकायंत्र ओळखताना

संपादक महोदय,

जुन्या बाजारात काळे, जड, वाटीसारखे होकायंत्र दिसले की नाशकात ते एकतर 'जहाजाचे' ठरते, नाहीतर थेट 'स्पिटफायर' या ब्रिटिश लढाऊ विमानाचे. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. देवळाली तोफखान्याची छावणी असल्याने इथे झाकण आणि लोलक असलेली, मुठीत मावणारी होकायंत्रेही मिळतात. ती जमिनीवरच्या सैन्याची, विमानाची नव्हेत.

यंत्र कोणत्या बाजूने वाचायचे, हे आधी पाहावे. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश विमानांची पी-८, पी-१०, पी-११ ही होकायंत्रे वरून वाचायची. काचेवर अंशांचे फिरते कडे आणि त्यावर समांतर तारा असतात. वैमानिक हवी ती दिशा कड्यावर लावून कडे आवळून टाकी आणि सुई तारांना समांतर येईपर्यंत विमान वळवी. आकडा सतत वाचावा लागत नसे, म्हणून हे यंत्र खाली, गुडघ्यांजवळ बसवले तरी चाले. मात्र सुईचे उत्तर टोक कड्यावरच्या उत्तरेच्या खुणेकडेच हवे. ते उलटे राहिले तरी सुई तारांना समांतरच दिसते आणि विमान नेमके विरुद्ध दिशेला जाते.

ओझरचा कारखाना १९६४ साली मिग-२१ साठी उभा राहिला, त्यामुळे रशियन केआय-१३ या होकायंत्राचे नावही इथे कानावर येते. ते लहान, गोलसर, समोरून वाचायचे. खिडकीतल्या उभ्या रेषेपुढे अंशांची चकती फिरते. दिशा दाखवणारी मुख्य यंत्रणा बंद पडली तर हाताशी असावे म्हणून ते बसवत. आणि ज्यात सुई वा चुंबक मुळीच नाही, नुसत्या तबकड्या नि दर्शक आहेत, ते बहुधा सूर्य-ताऱ्यांवरून दिशा काढायचे खगोल होकायंत्र असते.

ब्रिटिश यंत्रावर मुकुटाखाली 'ए.एम.' (एअर मिनिस्ट्री, म्हणजे ब्रिटिश हवाई मंत्रालय) अशी इंग्रजी अक्षरे आणि '६ए' ने सुरू होणारा साठा क्रमांक शोधावा. ६ए/७२६ म्हणजे पी-८. पण पी-८ हरिकेनमध्येही होते, स्पिटफायरमध्येही. विमानाची कागदोपत्री नोंद सोबत नसेल, तर एकाच विमानाचे नाव सांगून वाढीव किंमत मागणे मला अप्रामाणिक वाटते.

सर्वांत कळकळीची सूचना स्वच्छतेबाबत आहे. पितळ दिसले की आपण चिंच-पितांबरी काढतो. इथे तसे करू नये. आकड्यांवरचा आणि सुईवरचा पिवळट-तपकिरी रंग बहुधा रेडियमयुक्त असतो. अंधारात तो आता चमकत नाही, कारण त्यातला चमकणारा पदार्थ झिजलेला असतो. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षे आहे. काच उघडून तो खरवडला तर धूळ श्वासातून शरीरात जाते. आत बुडबुडा दिसला तर सील सुकून वाटीत भरलेले अल्कोहोल गळले आहे असे समजावे, पण म्हणून घरी झाकण उघडून ते भरू नये. काच फुटलेली असेल, तर यंत्र जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून मुलांच्या आणि झोपायच्या खोलीपासून दूर ठेवावे.

सुई जिवंत आहे का, हे न उघडताही कळते. लाकडी टेबलावर, मोबाइल आणि लोखंड दूर ठेवून यंत्र सावकाश फिरवावे. पी-८ ची सुई फारसे हेलकावे न घेता उत्तरेवर येऊन थांबते. ती अडकत असेल तर टेकणीचे टोक झिजले असावे. ते काम कुशल उपकरण-दुरुस्तकाचेच.

आपला,
एक वाचक, नाशिक