तक्रार: चितळांना विकला जाणारा खाऊ, माणसांनी भरलेली ट्रॉली आणि भर दुपारची वेळ

प्रति,
मा. व्यवस्थापक,
वन्यप्राणी उद्यानाची पर्यटक सेवा चालवणारी कंपनी

विषय: चितळांसाठी खाऊची पुडकी विकणे, ट्रॅक्टर-ट्रॉलीची धोकादायक फेरी व उन्हाळ्यातील वेळ यांबाबत तक्रार, तसेच 1,890 रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सहा कुटुंबे, 14 मोठी माणसे आणि 11 मुले, आपल्या उद्यानात आलो होतो. आमच्यापैकी दोघे पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतात, एकाचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज आहे आणि बाकीच्यांच्या घरी गोठा आहे. त्यामुळे खाली लिहिलेले काहीही ऐकीव किंवा अंदाजाचे नाही.

सर्वांत गंभीर बाब खाऊच्या पुडक्यांची. तिकीट खिडकीवर 30 रुपयांना 100 ग्रॅमचे पुडके मिळते. त्यात भरडलेला मका, शिळ्या पावाचे तुकडे आणि खारे फुटाणे असतात. चितळ हे रवंथ करणारे जनावर. त्याच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात चारा आंबवणारे सूक्ष्मजीव असतात आणि तिथला सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 6 ते 7 राहतो. गवत आणि पाला हळूहळू आंबतो, रवंथ करताना भरपूर लाळ पोटात उतरते आणि लाळेतला क्षार आम्ल आटोक्यात ठेवतो. भरडलेला मका आणि पाव मात्र झपाट्याने आंबतात. लॅक्टिक आम्ल साचते, सामू 5.5 च्या खाली उतरतो आणि चारा पचवणारे सूक्ष्मजीवच मरू लागतात. आधी रवंथ थांबते, मग डावी कुशी फुगते, आंबट वासाची पातळ हगवण लागते, काही दिवसांनी खूर दुखून जनावर लंगडते. गाय दावे तोडून मक्याच्या पोत्यात तोंड घालते तेव्हा हेच होते, आणि वेळेवर डॉक्टर आला नाही तर ती दगावते.

आता आपलाच हिशेब पाहा. फलकावर 42 चितळे लिहिली आहेत. रविवारी 300 च्या आसपास पुडकी जातात, असे खिडकीवरच्या माणसाने सांगितले. म्हणजे 30 किलो खाऊ, दर चितळामागे सुमारे 700 ग्रॅम. पन्नास किलोच्या चितळाला दिवसभरात सगळा मिळून सव्वा ते दीड किलो कोरडा आहार लागतो. त्यातला निम्मा भाग एका दुपारी धान्याच्या आणि पावाच्या रूपात पोटात जातो. तोही सारखा वाटला जात नाही. कुंपणाला सरावलेले आठ-दहा दांडगे नर आणि माद्या दुप्पट-तिप्पट खातात, मागची पाडसे कोरडी राहतात. त्या दिवशी जाळीजवळच्या तीन चितळांची डावी कुशी फुगलेली होती आणि एकाची शेपटी हगवणीने माखलेली होती. फोटो सोबत जोडले आहेत.

गाईला धरून औषध पाजता येते, चितळाला नाही. त्याला पकडायला पळवले, की भीती आणि धाव यांमुळे स्नायूच फुटू लागतात. याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. जनावर त्या वेळी सुटले असे वाटते आणि काही तासांनी किंवा दोन-चार दिवसांनी मरते. म्हणून चितळाच्या बाबतीत आजार होऊच न देणे हाच खरा इलाज आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 38 जे नुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना खायला घालणे, डिवचणे, गोंगाट करून त्रास देणे आणि आवारात कचरा टाकणे या सगळ्याला मनाई आहे. ती पाळायला लावणे आपले काम. इथे तर आपणच त्यासाठी पैसे घेता. खाऊ पातळ प्लास्टिकमध्ये बांधलेला असतो आणि पुडकी जाळीच्या आत तीन-चार मीटरपर्यंत पडलेली दिसली. मिठाचा वास लागलेले प्लास्टिक चितळ चघळून गिळते. ते पचत नाही, पुढेही सरकत नाही, पोटात गोळा होत राहते.

मुलांना प्राणी जवळून खाताना दिसावेत, ही इच्छा योग्यच आहे. आम्हालाही तेच हवे होते. त्यासाठी सकाळी साडेसात आणि संध्याकाळी पाच अशा दोन ठरलेल्या वेळी आपल्या रखवालदारानेच चारा टाकावा आणि मुलांनी रेलिंगबाहेरून पाहावे. नेपियर गवत दोन इंचांचे तुकडे करून द्यावे. वड, उंबर, सुबाभूळ यांच्या फांद्या जुडी बांधून खांबाला टांगल्या तर चितळे मान उंच करून पाला ओरबाडतात, ते बघायला पुडक्यापेक्षा कितीतरी छान वाटते. लसूणघास देणार असाल तर कापून काही तास सुकू द्यावी, ओली भरपूर खाल्ली तर पोट फुगते. ज्वारीचा हिरवा चारा फुलोऱ्याआधी देऊच नये. कोवळ्या ज्वारीत सायनाइडचे विष असते, हे आपल्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. चाऱ्याची ठिकाणे किमान सात-आठ असावीत, म्हणजे दांडगे नर सगळ्या जागा अडवू शकत नाहीत.

रेलिंगवरून आठवले, ते जाळीपासून किमान दीड मीटर अंतरावर हवे. आपल्याकडे चितळांच्या जाळीला लोक थेट टेकून उभे राहतात आणि मुले भोकांतून हात आत घालतात. एप्रिल-मे हा चितळांच्या माजाचा भर. टणक शिंगांचा नर एरवी कितीही माणसाळलेला असला तरी या दिवसांत जाळीवर शिंगे आपटतो. मुलांचे हात तिथे असणे आम्हाला अजिबात मान्य नाही.

ट्रॉलीच्या फेरीबद्दल. ट्रॅक्टरची ट्रॉली माल वाहण्यासाठी असते. आपण तिच्यात बाकडी टाकून 34 माणसे बसवली होती. जोडणीच्या पिनेला खालून लॉक क्लिप नव्हती, वाकवलेली तार होती. पिन निसटली तर ट्रॉली धरून ठेवणारी साखळीही नव्हती. दोन चाकी ट्रॉलीत वजन आसाच्या पुढे थोडे जास्त असावे लागते. प्राणी दिसला की सगळे मागच्या फाळक्याकडे धावतात, ट्रॅक्टरला जोडलेला ट्रॉलीचा दांडा वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा दाब कमी होतो. त्यातच आपल्या फेरीत नाल्याचा उतार आहे. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, म्हणजे उतारावर ती ट्रॅक्टरला मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो. शेतात रिकाम्या ट्रॉलीने जे निभावते ते 34 माणसांच्या ट्रॉलीने निभावत नाही. ही फेरी आजच्या आज बंद करावी. प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेली बंद बाजूंची गाडी मिळेपर्यंत पायवाट आणि एक मचाण पुरेसे आहे.

याच फेरीत चालकाने रस्ता सोडून, हॉर्न वाजवत, रोह्यांचा (नीलगायींचा) कळप ट्रॉलीकडे हाकलला. भर उन्हात पळवलेल्या प्राण्याचे काय होते ते वर लिहिलेच आहे. चालकाने हे लोकांच्या आग्रहाखातर केले, हे आम्ही पाहिले. पण त्याचे मूळ आपल्या वेळेत आहे. उद्यान सकाळी 10 ला उघडते आणि 5 ला बंद होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. अकरा ते चार चितळ, सांबर, रोही सगळे सावलीला बसतात, माणसांनीही बसावे. एप्रिल ते जूनमध्ये सकाळी 6 ते 10:30 आणि दुपारी 4:30 ते 6:30 अशी वेळ ठेवली तर प्राणी आपणहून दिसतील, हाकलावे लागणार नाहीत.

पाण्याची मशीन बंद होती, बाहेरचे पाणी आत नेऊ दिले नाही आणि 20 रुपये छापलेली बाटली 30 रुपयांना विकली. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे हा गुन्हा आहे. त्याची तक्रार वैध मापनशास्त्र विभागाकडे वेगळी करत आहोत. दर दोनशे मीटरवर सावलीत माठ ठेवा, तिकीट खिडकीत ओआरएसची पाकिटे ठेवा. 20.5 ग्रॅमचे एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घोळायचे असते, हे कर्मचाऱ्यांना शिकवा. आम्ही मागितल्यावर त्यांनी अर्ध्या ग्लासात एक पाकीट कालवून दिले. इतके दाट द्रावण लहान मुलाला अपायकारक ठरते. हात धुण्याच्या नळाजवळ साबण नव्हता. प्राण्यांच्या लाळेतून, शेणातून साल्मोनेला, ई. कोलायसारखे जंतू हातावर येतात आणि माखलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट चालत नाही.

काळविटाच्या फलकावर ‘दरवर्षी शिंगे गळतात’ असे लिहिले आहे. गळतात ती चितळाची आणि सांबराची. काळविटाची पिळदार शिंगे जन्मभर राहतात. मुले फलक वाचून वहीत उतरवून घेत होती, म्हणून तो लवकर बदला.

आमची मागणी: ट्रॉलीचे 25 × 60 = 1,500 रुपये, खाऊच्या 9 पुडक्यांचे 270 रुपये आणि 12 बाटल्यांवर जास्त घेतलेले 120 रुपये, एकूण 1,890 रुपये परत करावेत. प्रवेशशुल्क मागत नाही, ते प्राण्यांच्या चाऱ्याला लागते असे धरून चालतो. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेचा क्रमांक प्रवेशद्वारावर लावावा. कलम 38 एच नुसार त्या मान्यतेशिवाय असे उद्यान चालवता येत नाही. पुडक्यांची विक्री आणि ट्रॉली बंद केल्याचे लेखी कळवावे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली आमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू. या रकमेला तिथे शुल्क लागत नाही. प्राण्यांच्या आजाराबद्दल मात्र पंधरा दिवस थांबणार नाही. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर आजच कळवले आहे. ती तीन चितळे वेगळ्या वाड्यात घ्यायची असतील तर पळवून पकडू नका. वाड्याचे दार उघडे ठेवून आत पाला आणि पाणी ठेवा, ती संध्याकाळी आपोआप आत येतील.

आपले,
सहा कुटुंबांच्या वतीने

सोबत: तिकिटे व पावत्यांच्या प्रती, चितळांचे चार फोटो, ट्रॉलीच्या जोडणीचे दोन फोटो, पाण्याच्या बाटलीचे लेबल.