मिहानची नोकरी घेतली नाही, त्याबद्दल

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघंही "बरं, तुला योग्य वाटेल ते कर" एवढंच म्हणालात. बाबा असे थोडक्यात बोलले की मला झोप लागत नाही. म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे.

नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या कंपनीला मी नकार कळवला आहे. पगार इथल्या, पुण्यातल्यापेक्षा जास्त होता, खापरीपर्यंत मेट्रो आहे, संध्याकाळी मी घरी गरम वरणभात जेवले असते, हे सगळं मी धरलं होतं. वरच्या खोलीला तुम्ही रंग दिलात, पडदे शिवून आणलेत, तेही मला दादाकडून कळलं. पण ते काम माणसं सांभाळायचं होतं, हाताने काही करायचं नव्हतं. आणि इथे जे हातात आहे ते अर्ध्यावर टाकून यायला मन घेत नाही.

बाबा, तुम्ही विचारलंत, "म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं तपासत बसायचं?" ते मनाला लागलं नाही, पण उत्तर द्यायचं राहून गेलं.

प्रोग्राम चुकला की इंजिनिअर डीबगर लावतो. डीबगर चालता प्रोग्राम हवा तिथे थांबवतो आणि त्या क्षणी आत कोणत्या नावात कोणता आकडा आहे ते दाखवतो. जीडीबी नावाचा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला. तो आजही जगभर वापरतात आणि त्यात रोज बदल होतात. आता असं समजा की त्या डीबगरनेच चुकीचा आकडा दाखवला. समोरचा माणूस त्यावर विश्वास ठेवून भलतीकडेच शोधत बसणार, बिचारा. असा दोष सापडला की तो दुरुस्त होतो. पण पुढे दुसरं कोणी दुसरंच काही बदलताना तोच दोष नकळत परत येऊ शकतो. तो आला तर त्याच दिवशी कळावं म्हणून चाचणी लिहून ठेवायची. त्याला रिग्रेशन टेस्ट म्हणतात आणि ते माझं काम आहे. शेड्यूलला आलेल्या इंजिनाचं मागे दुरुस्त झालेलं जागचं जागी आहे ना, हे तुम्ही अजनीच्या रेल्वे शेडमध्ये वही उघडून बघायचात, त्यातलंच हे.

परवा लिहिलेली एक सांगते. आधी सी भाषेत लहानसा प्रोग्राम लिहिला. सहाचा फॅक्टोरियल काढायचा, म्हणजे सहा गुणिले पाच गुणिले चार असं एकपर्यंत. त्यातलं फंक्शन, म्हणजे हे काम करणारा तुकडा, दर वेळी एकाने लहान आकडा घेऊन स्वतःलाच हाक मारत खाली उतरतं. किंमत तीनवर आली की थांब, असं डीबगरला सांगितलं. थांबल्यावर त्याने हाकांची साखळी दाखवायला हवी: तीन, चार, पाच, सहा आणि शेवटी मेन, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो ते. तिथून एक पायरी वर गेलं की चारच दिसायला हवेत. तिथे तीन दिसले तर तो खोटं बोलतो आहे. शेवटी उत्तर ७२०. बाबा, तुम्ही अंगणात बाजेवर पडल्या पडल्या मध्येच "सोळा सत्ते?" विचारायचात आणि मी झोपेतसुद्धा बरोबर सांगायचे ना, ते मला ही लिहिताना फार आठवलं.

प्रोग्रामशेजारी दुसरी फाइल असते. तिच्यात डीबगरला काय विचारायचं आणि कोणतं उत्तर बरोबर धरायचं ते टीसीएल भाषेत लिहायचं. डेजाग्नू नावाची व्यवस्था ते चालवते आणि प्रत्येक प्रश्नापुढे पास किंवा फेल लिहिते. चाचणी आधी जुन्या, न दुरुस्त केलेल्या डीबगरवर चालवायची. तिथे ती फेल झाली तरच खरी. जुन्या आणि दुरुस्त, दोन्हीकडे पास होणारी चाचणी कशाचीच राखण करत नाही.

सगळ्यात चिवट भाग वेळेचा. डीबगरचं उत्तर तुकड्यातुकड्यांनी येतं. अर्धं उत्तर वाचूनच चाचणीने निकाल दिला तर एका मशीनवर पास आणि दुसऱ्यावर फेल. म्हणून उत्तर मुद्दाम एकेक अक्षर करून वाचायला लावायची सोय आहे. त्यातही टिकली तर ती पक्की. मग तीच चाचणी वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर, म्हणजे एआरएमच्या बोर्डावर, रिस्क-फाइव्हच्या बोर्डावर. ते बोर्ड इथे पुण्याच्या लॅबमध्ये आहेत. अडकले की हाताने वायर काढून पुन्हा चालू करावे लागतात. म्हणून पुणे सोडता येत नाही, आई. तुमच्यापासून लांब राहायचं म्हणून नाही. तसं कधीच मनात आणू नका.

चाचण्या लिहिण्याचं काम मात्र कुठूनही होतं. साहेबांशी बोलले आहे, दर महिन्याला काही दिवस नागपूरहून काम करायला त्यांची हरकत नाही. वंदे भारत आता थेट अजनीलाच येते, सकाळी पुण्यात बसलं की संध्याकाळी घरी. तेव्हा वरची खोली तशीच ठेवा. टेबल खिडकीशी हवं, आणि सांबारवडी पहिल्याच दिवशी हवी. माझं इथे उत्तम चाललं आहे. डबा घरगुती आहे, खोलीत ऊन येत नाही, पैसे पुरतात आणि उरतातही.

आता तुमचं. नवतपा लागायच्या आत कूलरच्या ताट्या बदलून घ्या, जुन्यांना वास येतो म्हणून आई कूलर बंद करते आणि घामाघूम बसते. बाबा, कूलरमध्ये बादलीने पाणी घालायला स्टुलावर चढायचं नाही म्हणजे नाही. त्यासाठी लांब पाइप मागवला आहे, दोन दिवसांत येईल. भाजी सकाळी आठच्या आत आणा. दुपारी बँकेत जायचं काही एक कारण नाही, पेन्शन कुठे पळून जात नाही. आई, पन्हं करशील तेव्हा बाबांच्या पेल्यात गूळ घालू नकोस, आणि ते मागतील तरी देऊ नकोस. तू स्वतःही गुडघ्याचा पट्टा फक्त डॉक्टरांकडे जाताना लावतेस, ते मला माहीत आहे. घरातही लाव.

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मी घेते आहे, ती बाबांनी पुढे ढकलायची नाही. पावसाळ्यात करू, हिवाळ्यात करू हे दोन वर्षं ऐकलं. मी तिकडे असेन तेव्हाचीच घेते. औषध घालायला, गाडीने न्यायला-आणायला मीच राहीन. त्याआधी शुगर आणि बीपी तपासून रिपोर्ट निळ्या फाइलमध्ये ठेवा आणि त्याचा फोटो मला पाठवा.

तुमची,
मनू