बसथांब्यावरच्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं नाव मी विचारलं नाही, पत्ताही नाही. खूण सांगायची तर एवढीच: गेल्या पावसाळ्यातला एक रविवार, संध्याकाळची वेळ, गळका बसथांबा आणि पाऊण तास न आलेली बस. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. कोणीतरी तुमच्यापर्यंत पोहोचवेलच.

आधी तुम्हीच बोललात. "घर बघायला आलात ना?" कसं ओळखलंत म्हटलं, तर म्हणालात, "इथली माणसं खाली खड्डे बघत चालतात. माना वर करून गॅलऱ्या बघत जाणारं सगळं गिऱ्हाईक."

आम्ही तेव्हा चार महिने दोन उपनगरांत अडकलेलो होतो. मध्ये एक ओढा, त्यावर एक पूल. आमच्या भाड्याच्या घराकडून बघता एक अलीकडचं, एक पलीकडचं. अलीकडे तळं, स्टेशन जवळ आणि घरात एक खोली जास्त. पलीकडे घर लहान, पण झाडं जुनी, पदपथ रुंद आणि शाळा चालत जाण्याजोगी. नवऱ्याने तक्ता केला होता. 14 ओळी, प्रत्येक मुद्द्याला 10 पैकी गुण, वर प्रत्येकाचं महत्त्व किती त्याचा वेगळा आकडा. अलीकडचं 73, पलीकडचं 71. मी शाळेचं महत्त्व जरा वाढवलं की पलीकडचं पुढे जायचं, त्याने प्रवासाचं वाढवलं की पुन्हा अलीकडचं. जे मनात आधीच ठरलंय ते आकड्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं, हा खेळ रोज रात्री जेवणानंतर.

हे सगळं मी तुम्हाला सांगितलं. अनोळखी माणसाला इतकं का सांगितलं कोण जाणे, पण पाऊस होता, बस नव्हती. तुम्ही शांतपणे विचारलंत, "तक्ता कोणी केला?"

"आम्ही दोघांनी."

"आणि दिवसभर घरात कोण असणार?"

म्हटलं, सासरे. मुलगा सात वर्षांचा, तो शाळेतून आल्यावर.

"त्यांची ओळ कितवी?"

नव्हती, काकू. 14 ओळींत एकही नव्हती. सासऱ्यांना आम्ही विचारलं होतं, नाही असं नाही. "तुम्ही म्हणाल तिथे," म्हणाले होते आणि आम्ही ते सोयीने खरं धरलं होतं.

मग तुम्ही उठलात आणि थांब्यामागच्या भिंतीशी गेलात. अलीकडच्या ज्या इमारतीतलं घर आम्ही तेव्हा पाचव्यांदा बघून आलो होतो, तिचीच कुंपणाची भिंत. कमरेपर्यंतचा रंग ताजा आणि वरचा जुना, हे आम्हाला पाच फेऱ्यांत दिसलं नव्हतं. तुम्ही छत्रीच्या टोकाने नुसतं खरवडलंत. हाताएवढा पोपडा सुटून खाली पडला, आत पांढरी भुकटी. "लोणा," म्हणालात. भिंतीत पाणी मुरलं की आतले क्षार विरघळून बाहेर येतात, पाणी वाळतं, क्षार मागे राहतात. वरून कितीही रंग द्या, खालून तो ढकलतच राहतो. ओढ्याच्या बाजूच्या दोन गल्ल्यांत तुम्ही स्वतः राहता, दर पावसाळ्याआधी कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा रिकामा करता, हेही सांगितलंत. आणि लगेच, "वरच्या अंगाच्या गल्ल्या मात्र उत्तम आहेत हं. उपनगर बघू नका, गल्ली बघा." स्वतःच्या वस्तीची उणी बाजू सांगतानाही तिच्यावर अन्याय होऊ दिला नाहीत. घर विकणारे, विकवून देणारे, शिवाय आमचे नातेवाईक, यांतलं कोणीही चार महिन्यांत इतकं सरळ बोललं नव्हतं.

शेवटी बस आली तेव्हा पायरीवर एक पाय ठेवून तुम्ही म्हणालात, "घर बघायला येता रविवारी आणि राहणार सोमवारपासून. एखाद्या मंगळवारी या. सगळे या, पोराला दप्तरासकट आणा."

आम्ही आलो. लागोपाठ दोन मंगळवार रजा टाकली, एक अलीकडे, एक पलीकडे. सकाळी साडेसातला घराच्या फाटकापाशी उभं राहायचं आणि तिथेच राहतोय असं समजून दिवस काढायचा. नवऱ्याला आधी हे नाटक वाटलं होतं.

अलीकडे, घर आणि तळं यांच्यामध्ये मोठा रस्ता. रविवारी तो आम्ही बोलत बोलत ओलांडला होता. मंगळवारी सासरे काठीवर भार देऊन कडेला उभे राहिले. एक पाऊल खाली, पुन्हा वर. सिग्नल लांब, गाड्यांची रांग तुटेना. मी घड्याळात बघितलं, चार मिनिटं झाली होती. मग ते मागे वळले. "राहू दे, उद्या जाऊ."

तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. तिथे राहायला गेलो असतो तर हेच वाक्य रोज ऐकलं असतं, आणि सहा महिन्यांनी बहुतेक तेही ऐकू आलं नसतं.

पुढच्या मंगळवारी पलीकडे. तिथे जरा चढ आहे, त्यामुळे मला धाकधूक होती. सासऱ्यांनी निघताना एकच विचारलं, "मध्ये बसायला जागा आहे का?" तक्त्यात हाही मुद्दा नव्हता. चढाच्या मध्यावर झाडाखाली सिमेंटचा बाक निघाला, एका कोपऱ्यात टवका उडालेला. ते बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघितलं, कुणाशी तरी दोन शब्द बोलले आणि सात मिनिटांनी आपले आपण उठून पुढे चालायला लागले. मुलगा दप्तर घेऊन शाळेपर्यंत गेला आणि परत आला. दोन गल्ल्या, मोठा रस्ता एकही नाही. येताना तो माझा हात सोडून पुढे पळत होता.

घर तिकडेच घेतलं.

नवऱ्याचा तक्ता अगदीच टाकाऊ होता असं नाही, त्याची बाजूही सांगायला हवी. दोन रकाने करून तोलायची ही रीत अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने त्याचा मित्र, इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली याला 1772 साली पत्रातून सुचवली होती, हे त्याने मला अनेकदा ऐकवलंय. प्रीस्टलीपुढे नव्या नोकरीचा पेच होता. फ्रँकलिनने त्याला काय ठरवावं ते सांगितलं नाही, कसं ठरवावं तेवढं सांगितलं. तीन-चार दिवस सुचतील तसे मुद्दे दोन्हीकडे लिही, समान वजनाचे समोरासमोर खोडत जा, उरेल ते बघ. तुम्हीही आम्हाला "कुठे घ्या" हे शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. फरक इतकाच की रकाने भरायला कोण कोण बसलंय, हे आधी तुम्ही विचारलंत.

किंमत मोजावी लागली, तीही लिहिते. स्टेशनला जायला मला आता 11 मिनिटं जास्त लागतात. जाऊन-येऊन 22. वर्षाला कामाचे 240 दिवस धरले तर 88 तास होतात, म्हणजे साडेतीन दिवसांहून जास्त. पावसात तो हिशेब मला रोज आठवतो. पण मी दिवसातून एकदा जाऊन येते, सासरे तीनदा बाहेर पडतात, आणि त्यांना सुट्टीचा वार नसतो. मुलाचं टेबल बाहेरच्या खोलीत आहे, त्यामुळे पाहुणे आले की अभ्यास बंद. "ती जास्तीची खोली" हा विषय महिन्यातून एकदा निघतो. मग मी कर्जाचं कोष्टक पुढे करते: साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षांची मुदत धरली तर मुद्दलापेक्षा व्याजच थोडं जास्त भरावं लागतं. म्हणजे ती खोली दोनदा विकत घ्यायची होती. यावर नवरा गप्प बसतो, पटलेलं नसतं.

आणि तळं? ते तक्त्यात पहिल्या क्रमांकावर होतं. डेव्हिड श्काडे आणि डॅनियल कानमन या संशोधकांनी 1998 साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली होती. कॅलिफोर्नियातले आणि मध्य-पश्चिमेतले विद्यार्थी आपापल्या आयुष्यावर सारखेच समाधानी निघाले. तरी दोन्हीकडच्यांना वाटत होतं की कॅलिफोर्नियातला माणूस जास्त सुखी असणार, कारण तिथली हवा. तुलना करायला बसलं की नजर फरकावर खिळते. आमचंही तेच झालं होतं. तळ्यावर आम्ही आताही जातो, पूल ओलांडून, महिन्यातून एखादा रविवार. त्याहून जास्त आम्ही तिथे शेजारी राहूनही गेलो नसतो, याबद्दल आता माझी खात्री आहे.

तुम्हाला शोधायला तीन वेळा त्या थांब्यावर येऊन गेले. मंगळवारीच आले, तुम्ही सांगितलेला वार म्हणून. भेट झाली नाही. भिंतीला नवा रंग लागलाय, कमरेपर्यंतच.

आता इकडून बघताना तुमचं उपनगर पलीकडचं झालंय. पूल उतरलात की डावीकडे चढ लागतो. सासरे सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी पाचला त्या बाकावर असतात. टवका उडालेला कोपरा त्यांचा, बाकीची जागा रिकामी असते.